आऊट कोण, आणि कुणी म्हटलं म्हणून?

पैलवानांच्या आणि फुटबॉलच्या कोल्हापुरात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींकडे फारसं कुणी बघत नाही. आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गाच्या तिघी शाळेच्या संघात आहेत, म्हणून मी त्यांचा सामना बघायला गेले. तिथे जे पाहिलं ते मैदानापुरतं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आमची आठवीतली मुलगी पहिल्या बेसवर होती. बॅटरने चेंडू जमिनीलगत मारला. तिथल्या फिल्डरने तो उचलून पहिल्या बेसवर पाय दिला, बॅटर आऊट. मग चेंडू दुसऱ्या बेसकडे गेला. तिथल्या मुलीने तो झेलून बेसवर पाय टेकवला आणि ओरडली, "आऊट!" आमची पोरगी मान खाली घालून बाहेर चालू लागली. पंचांनी तिला आऊट दिलंच नव्हतं. ती मैदान सोडून गेली, तेव्हा मात्र दिलं. तिचे प्रशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "डोकं घरी ठेवून आलीस काय?"

नियम असा आहे. एका बेसवर एकीचाच हक्क. चेंडू जमिनीवर मारून बॅटर पळाली की पहिल्या बेसवर आधीपासून असलेलीला तो सोडून १८.२९ मीटरवरच्या दुसऱ्या बेसकडे पळावंच लागतं. ही सक्ती, म्हणून तो फोर्स आऊट. फिल्डरने चेंडू ताब्यात ठेवून तिच्याआधी बेसला पाय लावला की पुरे. पण मागचा बेस तिच्यासाठी मोकळा असेल तर सक्ती नाही. मग तिला आऊट करायचं तर चेंडू, किंवा चेंडू धरलेला ग्लोव्ह, तिच्या अंगाला लावावा लागतो. तो टॅग.

इथे बॅटर आधीच आऊट झाली होती. त्याच क्षणी सक्ती संपली. बेसवर नुसता पाय टेकवून आमची मुलगी आऊट होत नव्हती. तिला टॅग करायला हवं होतं. मागे फिरून पहिल्या बेसवर जायचा हक्कही तिला होता. तो हक्क कुणी हिरावला नाही, तो तिला ठाऊकच नव्हता.

मी विचारलं तर म्हणाली, "ताई, ती आऊट म्हणाली की. मला वाटलं झालोच."

काही जण म्हणतील, नियम खेळता खेळता कळतात. कळतात, पण कुणाला? ज्यांच्या घरात आधी कुणी खेळलेलं असतं त्यांना. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. पहिल्या पिढीच्या खेळाडूला नियम सांगावाच लागतो. न सांगता तिचं डोकं काढणं हा अन्याय आहे. आणि हा नुसता खेळ नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याची वाट शालेय स्पर्धांपासून सुरू होते.

हीच गोष्ट तिच्या आईची. धुणीभांडी करणारी ती माउली एका कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याला गेली. खिडकीतून आवाज आला, "होणार नाही." ती घरी आली. का होणार नाही, हे विचारलं नाही, कारण विचारता येतं हेच माहीत नव्हतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. खिडकीतला आवाज म्हणजे पंचांचा निर्णय नव्हे. आम्ही रीतसर अर्ज दिला, पोच घेतली. दाखला मिळाला.

बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीत 'शिका' पहिलं आहे. शिकणं म्हणजे नुसती पदवी नव्हे. कुठे आपल्याला सक्तीने हलावं लागतं आणि कुठे पाय रोवून उभं राहता येतं, हे ओळखणंही शिकणंच.

आता रविवारी विहाराच्या अंगणात आम्ही खडूने चार बेस आखतो. मुली पळतात, मी मध्येच थांबवून विचारते, "आता फोर्स की टॅग? का?" कारण सांगता आलं तरच पुढे. परवा छोट्या बहिणीने उगाच "आऊट!" म्हटलं, तर आमची आठवीतली बेसवरून हललीच नाही. म्हणाली, "लाव की चेंडू. मग जाते."

जय भीम.