मनगटावरचे वळ

दांडिया बाजारातल्या जुन्या मंडळींनी रागावू नये. हा विषय आपल्यात कुणी काढत नाही, पण मी सत्तरी ओलांडली, आता कुणाला भिऊ?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी भाची बडोद्याला आली होती. वय ३६, लग्नाला नऊ वर्षं झालेली. चकल्या पाडताना तिची बाही वर सरकली आणि मनगटावर दोरीचे वळ दिसले. मला एकदम आत्या आठवली. आमच्याच वाड्यात, भिंतीपलीकडे राहायची. रात्री तिचं "थांबा हो, थांबा" ऐकू यायचं आणि सकाळी पदर मनगटापर्यंत ओढलेला. अख्ख्या वाड्याला माहीत होतं. कुणी गेलं नाही. आम्हीपण नाही.

"मारतो का गं तो तुला?" मी सरळच विचारलं.

ती लाल झाली. मग म्हणाली, "नाही गं मावशी. आम्हां दोघांना आवडतं ते. खरं तर मीच आधी बोलले त्याच्याशी."

काय चालेल, काय नाही, ते दोघं आधी बोलून ठरवतात. दोर चटकन कापता यावा म्हणून कात्री हाताशी असते. आणि एक शब्द ठरलेला आहे, 'सुरसागर'! "नको" कधी कधी लाडातलंही असतं, म्हणून असा भलताच शब्द. तो निघाला की सगळं तिथल्या तिथे बंद. तिने दोनदा म्हटलाय. एकदा त्यानेसुद्धा.

मला लगेच पटलं नाही. रात्री ह्यांच्या कपाटातलं कामसूत्र काढलं. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, पण ते पुस्तक बाईंनी उघडायचं नसतं ना! नखं, दात, प्रहार, सगळ्यांचा सविस्तर विचार आहे त्यात. आणि इशाराही आहे: कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या अशाच एका प्रहाराने राणी मलयवतीचा जीव गेला. म्हणजे हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. परदेशात तर १८८६ साली क्राफ्ट-एबिंग नावाच्या डॉक्टरने याला विकृतींच्या पुस्तकात घातलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत मात्र, प्रौढ माणसांनी एकमेकांच्या राजीखुशीने केलेलं असेल तर तो आजार धरत नाहीत.

सकाळी तिला एकटीला गाठलं. "आणि शब्द म्हणूनही तो थांबला नाही तर?"

"तर ते मारणंच झालं, मावशी. त्याच रात्री तुझ्याकडे येईन."

मी मागच्या दाराची किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली. चकल्यांचा डबाही दिला. जावयाला तिखट आवडतात.