वसंत नसलेले नगर

दूरच्या प्रवासाला निघणारा माणूस घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी कितीतरी आधी प्रवासाला लागलेला असतो. टेबलावर नकाशा पसरून तो त्यावरून बोट फिरवू लागला, की त्याचा प्रवास सुरू झालाच म्हणून समजावे. अशाच एखाद्या प्रवाशाचे बोट दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून सरकत सरकत कोलंबिया देशातील एका बंदरावर येऊन थांबते. कॅरिबियन समुद्राच्या काठी वसलेल्या या नगराचे नाव कार्ताहेना. पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने १५३३ मध्ये त्याची स्थापना केली. स्पेनमध्येही याच नावाचे एक जुने बंदर आहे. त्यामुळे या नव्या नगराला 'कार्ताहेना दे इंदियास', म्हणजे 'इंडीजमधील कार्ताहेना', असे म्हणू लागले. हिंदुस्थानच्या शोधात निघालेल्या कोलंबसाने वाटेत लागलेल्या भूमीलाच इंडीज मानले. पुढे ती चूक सर्वांच्या ध्यानी आली. परंतु या नगराच्या नावात ती कायमची राहून गेली.

स्थळ ठरले की पहिला प्रश्न उभा राहतो, तो केव्हा जावे हा. प्रवासी म्हणतो, 'वसंतात जावे.' थंड देशांतील लोकांना तर हा ऋतू प्रवासासाठीच निर्माण झाला आहे असे वाटते. बर्फ वितळते, झाडांना पालवी फुटते आणि माणसाचे मनही घरात रमेनासे होते. पण कार्ताहेनाची माहिती वाचू लागताच प्रवाशाच्या लक्षात येते, की या नगरात वसंत येतच नाही! हे नगर विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या दहा-साडेदहा अंशांवर आहे. तेथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वा तासाचेच काय ते अंतर. बाराही महिने हवेचे सरासरी तापमान २७ ते २९ अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळते. जेथे हिवाळाच नाही, तेथे त्याला निरोप देणारा वसंत तरी कोठून येणार?

तेथील लोक वर्षाचे दोनच भाग मानतात. एक कोरडा आणि दुसरा पावसाचा. कोरड्या दिवसांना ते 'उन्हाळा' म्हणतात आणि पावसाच्या दिवसांना 'हिवाळा'. साधारणपणे डिसेंबर ते एप्रिल या काळात ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. आकाश निरभ्र असते, समुद्रावरून येणारा वारा घामेजलेल्या अंगाला सुख देतो आणि पाऊस जवळजवळ नसतोच. म्हणजे युरोपात नाताळच्या सुमारास लोक शेकोटीपाशी बसलेले असतात, तेव्हा कार्ताहेनाचा 'उन्हाळा' सुरू झालेला असतो. एप्रिल सरता सरता वारा मंदावतो, हवा जड होते आणि मे महिन्यात पावसाला आरंभ होतो. ऑक्टोबरात त्याचा जोर सर्वाधिक असतो. तेव्हा वसंत नावाचा ऋतू तेथे नसला, तरी मार्च महिना आणि एप्रिलचा पूर्वार्ध हा काळ प्रवासाला चांगला. प्रवासी आपल्या वहीत 'वसंत' हा शब्द खोडतो आणि तेथे 'वारा पडण्यापूर्वी' असे लिहितो. त्याच्या आखणीतील ही पहिली शहाणपणाची ओळ होय.

ही ओळ वेळेवर न लिहिल्याबद्दल एका बलाढ्य आरमाराला फार मोठी किंमत मोजावी लागली होती. सन १७४१ मध्ये इंग्लंडचा दर्यासारंग एडवर्ड व्हर्नन हा कार्ताहेना जिंकण्यासाठी आला. त्याच्याबरोबर सुमारे १८० जहाजे आणि वीस हजारांहून अधिक माणसे होती. नगराच्या रक्षणासाठी होत्या अवघ्या सहा युद्धनौका आणि तीन-चार हजार माणसे. रक्षकांच्या आरमाराचा प्रमुख ब्लास दे लेसो याने पूर्वीच्या लढायांत एक पाय आणि एक डोळा गमावला होता, एक हातही निकामी झालेला होता. इंग्रजांच्या मोठ्या काफिल्याला मायदेशाहून निघायलाच उशीर झाला होता, आणि बंदरापुढे तो पोहोचला तेव्हा मार्च उजाडला होता. बंदराच्या तोंडाशी असलेले किल्ले पडताच विजयाची वार्ता लंडनला धाडण्यात आली. तेथे आनंदाला इतके उधाण आले, की लेसो गुडघे टेकून व्हर्ननला शरण जात आहे, असे चित्र असलेली पदकेही पाडली गेली.

परंतु नगर अजून पडलेले नव्हते. सान फेलिपे हा टेकडीवरचा किल्ला इंग्रजांच्या आड आला. एप्रिलच्या उत्तरार्धात त्यांनी त्यावर हल्ला चढविला, तेव्हा तटाला लावण्यासाठी आणलेल्या शिड्याच अपुऱ्या पडल्या. दर्यासारंग आणि भूसेनापती यांच्यात बेबनाव झाला. तेवढ्यात पावसाचे दिवस आले आणि त्यांच्या पाठोपाठ पीतज्वर आला. तोफगोळ्यांनी मेले त्यांहून किती तरी अधिक सैनिक तापाने मेले. मे महिन्यात आरमार माघारी फिरले. विजयाची पदके तेवढी मागे उरली! लेसोही त्याच वर्षी मरण पावला. पण त्याने राखलेले नगर टिकले.

त्या वेळी पीतज्वराचे कारण कोणासच ठाऊक नव्हते. हा रोग डास पसरवितात, असे मत १८८१ मध्ये हवाना येथील कार्लोस फिनले या डॉक्टरांनी मांडले. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे मॅक्स थायलर यांनी या रोगावरील लस तयार केली आणि त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून भारतातून कार्ताहेनाला जाऊ इच्छिणाऱ्याच्या यादीत तिकिटाच्याही आधी या लशीची नोंद असावी लागते. ती टोचून घेतल्यानंतर दहा दिवसांनी तिचा दाखला ग्राह्य होतो. परत येताना तो जवळ नसेल, तर भारतात प्रवाशाला काही दिवस वेगळे ठेवले जाते. हा नियम जाचक वाटण्याचा संभव आहे. तथापि पीतज्वर पसरविणारा डास भारतात आहे आणि तो रोग मात्र अद्याप नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या कडकपणाचे मर्म कळते. एका माणसाच्या निष्काळजीपणाने कोट्यवधींच्या दारी संकट येऊ नये, एवढाच त्याचा हेतू आहे.

महिना ठरला, लस ठरली. आता दिवसाची आखणी. येथेही सूर्याची संमती घ्यावी लागते. एप्रिलच्या मध्याच्या सुमारास कार्ताहेनात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी होते. महाराष्ट्रातील मुले मे महिन्यात शून्य सावलीचा हाच चमत्कार पाहतात. अशा दुपारी नगराच्या तटावरून फिरायला निघणे हे धाडस नसून अविचार होय. जाड भिंती, आतल्या बाजूचे चौक आणि रस्त्यावर सावली धरणारे लाकडी सज्जे असलेली तेथील जुनी घरे पाहिली, की बांधणाऱ्यांनी उन्हाचा किती बारकाईने विचार केला होता ते समजते. फिरावे ते सकाळी आणि सायंकाळी. दुपारी नगर विसावते, तेव्हा पाहुण्यानेही विसावावे.

त्या तटाविषयी मात्र आधी थोडे वाचून जावे. समुद्री चाच्यांच्या आणि परकीय आरमारांच्या भीतीने स्पॅनिश सत्तेने सुमारे दोनशे वर्षे खपून हा तट उभारला. त्याची लांबी सुमारे अकरा किलोमीटर होती. त्याच्या बांधणीत समुद्रातील प्रवाळाचा दगडही वापरलेला आहे. १९८४ मध्ये या बंदराचा, किल्ल्यांचा आणि वास्तूंचा जागतिक वारशात समावेश झाला. सायंकाळी पाहुणे त्या तटावर बसून सूर्यास्त पाहतात. परंतु ते दगड ज्यांनी वाहिले, त्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले असंख्य गुलाम होते. अमेरिकेतील स्पॅनिश मुलुखात गुलामांची जी मोठी बंदरे होती, त्यांत कार्ताहेनाची गणना होत असे. आज घड्याळाच्या मनोऱ्यामागे जो रंगीत, गजबजलेला चौक दिसतो, तेथे एके काळी माणसांचा बाजार भरत असे. त्या माणसांनी आपल्या प्रवासाची कोणतीही आखणी केली नव्हती. कोठे जायचे, केव्हा जायचे आणि परत केव्हा यायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. हौसेने वही उघडून दिवस मोजणाऱ्या प्रवाशाने येथे क्षणभर लेखणी खाली ठेवावी, हेच उचित.

या अंधारातही काही दिवे होते. १६१० मध्ये या नगरात आलेला पेद्रो क्लाव्हेर हा जेझुइट धर्मसेवक गुलामांची जहाजे बंदराला लागताच अन्न, पाणी आणि औषधे घेऊन त्यांच्या तळघरांत उतरत असे. तो स्वतःला गुलामांचा गुलाम म्हणवीत असे. दुसरा दिवा पेटविला तो खुद्द गुलामांनीच. बेंकोस बियोहो नावाच्या पुढाऱ्याबरोबर काही जण रानात निसटले आणि त्यांनी कुंपणांनी वेढलेल्या स्वतंत्र वस्त्या उभारल्या. १६२१ मध्ये बियोहोला फाशी देण्यात आले. परंतु स्वातंत्र्य फासावर चढत नाही. त्या परंपरेतील सान बासिलिओ दे पालेंके हे गाव कार्ताहेनापासून सुमारे ५० किलोमीटरांवर आजही नांदते आहे. पुढे स्पॅनिश सत्तेलाही त्याचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. तेथील लोकांची स्वतःची भाषा आहे. तिचा शब्दसंग्रह बहुतांशी स्पॅनिश असला, तरी तिच्यात आफ्रिकेतील बांटू भाषांचे अंश टिकून राहिले आहेत.

कार्ताहेनाच्या रस्त्यांवर रंगीबेरंगी घोळदार झगे घालून, डोक्यावर फळांची पाटी घेऊन चालणाऱ्या स्त्रिया दिसतात. त्या याच पालेंकेच्या लेकी. त्यांचे छायाचित्र टिपावे असे प्रत्येक पाहुण्याला वाटते. पण त्या काही रस्त्याची शोभा म्हणून उभ्या नसतात. त्या श्रमाने पोट भरणाऱ्या बाया आहेत. प्रथम नमस्कार करावा, अनुमती विचारावी, फळ विकत घ्यावे आणि सांगितलेला मोबदला द्यावा. वहीत ही गोष्ट वस्तुसंग्रहालयाच्या वेळांइतक्याच ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.

त्या पाटीतील फळे पाहून मराठी प्रवाशाला मात्र परक्या देशात आल्यासारखे वाटणार नाही. पपई आणि अननस ही मूळची अमेरिकेची. तेथूनच ती समुद्रमार्गे भारतात आली. पेरू, सीताफळ, चिकू, काजू, इतकेच काय पण रोजच्या जेवणातील मिरचीही त्याच बाजूची. देवळाच्या आवारात फुलणारा चाफासुद्धा मूळचा त्याच उष्ण प्रदेशातला. उलट आंबा आणि चिंच ही झाडे पूर्वेकडून तिकडे गेली. कार्ताहेनात रस्त्यावर कैरीच्या फोडी मीठ आणि लिंबू लावून विकतात. ती फोड जिभेवर ठेवताच कोकणातल्या माणसाला घर आठवल्यावाचून राहील काय? माणसांनी एकमेकांना साखळदंड घातले त्याच समुद्रावरून रोपे आणि बिया मुकाट्याने ये-जा करीत होत्या.

आखणीचे शेवटचे पान राहण्याच्या जागेचे. तटाबाहेर हेत्सेमानी नावाची जुनी वस्ती आहे. पेद्रो रोमेरो या कारागिराच्या पुढारीपणाखाली तेथील कष्टकऱ्यांनी ११ नोव्हेंबर १८११ रोजी स्पेनपासून स्वातंत्र्याची घोषणा करावयास भाग पाडले. पुढे १८१५ मध्ये स्पॅनिश सैन्याने वेढा घातला, तेव्हा शंभराहून अधिक दिवस नगराने उपासमार सोसली. म्हणूनच त्याला 'वीर नगरी' म्हणतात. आता त्या वस्तीतील घरांची पाहुण्यांसाठी निवासस्थाने होत चालली आहेत, भाडी चढली आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कितीतरी कुटुंबे तेथून निघून गेली आहेत. ज्या वस्तीने वेढ्याला दाद दिली नाही, तिला पाहुण्यांच्या गर्दीपुढे मागे सरावे लागावे, हे विचार करण्याजोगे आहे. समुद्रही चढतो आहे. भरतीच्या वेळी सखल रस्त्यांवर पाणी येते, आणि जवळच्या रोसारिओ बेटांभोवतीचे प्रवाळ नदीच्या गाळाने व वाढत्या उष्णतेने संकटात आहे. तेव्हा स्थानिक माणसाच्या घरी उतरावे, त्याच्या हातचे जेवावे, प्रवाळाला हात लावू नये, कचरा मागे ठेवू नये. या साध्या गोष्टी वहीत लिहायला एक ओळ पुरते. पाळायला मात्र मन लागते.

प्रवासाची आखणी म्हणजे गाड्यांच्या आणि विमानांच्या वेळांचे कोष्टक, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः ती पाहुणा होण्याची तयारी असते. ऋतू माणसाच्या सोयीने बदलत नाहीत आणि नगरे पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वसलेली नसतात. व्हर्ननने १८० जहाजे आणली, पण पावसाची आणि तेथील माणसांची गणना करण्यात तो कमी पडला. एक लहानशी पेटी घेऊन जाणाऱ्या प्रवाशाने त्या दोहोंची गणना आधी केली, तर वीर नगरीचे दार त्याच्यासाठी आपोआप उघडेल.