किती दाब पुरे?

आमच्या घरात गेलं वर्षभर एकाच विषयाचा खल चाललाय. दाब! राजकारणातला नाही, रक्ताचाही नाही. हवेचा. नवऱ्याच्या नाकात रात्रभर एक मशीन हवा सोडतं, त्या हवेचा दाब किती असावा यावर आम्ही दोघांनी जेवढं डोकं घातलं तेवढं लेकीचं नाव ठेवतानाही घातलं नव्हतं. फोनवर बऱ्याच जणांनी घाबरून विचारलं, "म्हणजे ऑक्सिजन लावलाय का गं?" म्हणून म्हटलं, एकदाच सगळं इथे लिहून टाकावं. ज्यांच्या घरी कुणी घोरतं त्यांनी शेवटपर्यंत वाचा. म्हणजे बहुतेक सगळ्यांनीच :)

तर ऑक्सिजन नाही. खोलीतलीच हवा. मशीन ती आत ओढतं, गाळतं, थोडी दमट करतं आणि नळीतून मास्कमध्ये सोडतं. त्याला सीपॅप म्हणतात. आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत आपले सगळेच स्नायू सैल पडतात, घशाचेसुद्धा. काहींच्या घशात जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडून श्वासाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा गेली की घोरणं. वाट पुरतीच बंद झाली की शांतता.

भीती वाटते ती या शांततेची. घोरण्याची सवय होते हो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, सवय नाही होणार तर काय! पण घोरता घोरता एकदम सगळं थांबतं. छाती-पोट हलत असतं, हवा मात्र नाही. मग मी मनात आकडे मोजायला लागायची. दहा, पंधरा, पंचवीस. मग एक मोठा आचका, धाप, आणि पुन्हा घोरणं सुरू. दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबला की तो एक अ‍ॅप्निया धरतात. असे, आणि अर्धवट अडलेले श्वास मिळून, तासाला पाचपेक्षा कमी असतील तर ठीक. तीस किंवा त्याच्या वर गेले की आजार तीव्र. गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, स्लीप स्टडी केली तेव्हा याचा आकडा आला ४२. रक्तातला ऑक्सिजन एकदा ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता.

आणि सकाळी हा विचारतो, "काय झालं? मी तर मस्त झोपलो होतो." या आजाराचं असंच आहे. रोगी झोपलेला आणि साक्षीदार जागा.

मी एवढी मोजत का बसायची, तर त्याला कारण होतं. माझे सासरे, बाबा, १९९४ साली झोपेतच गेले. वय अठ्ठावन्न. सांगलीच्या घरात तेव्हा जो भेटायला आला तो एकच वाक्य बोलून गेला, "पुण्यवान माणूस, झोपेत सुटला." बाबांचं घोरणं गल्लीत प्रसिद्ध होतं, आणि नवऱ्याचं घोरणं त्यांच्यावर गेलंय हे घरात कौतुकाने सांगितलं जायचं. यंदा नवरा पंचावन्न पूर्ण झाला. मी काही बोलायची नाही. पण हिशोब मनात चालू असायचा.

स्लीप स्टडीच्या रात्री दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी याला मास्क लावला आणि दाब थोडा थोडा वाढवत नेला. मोठ्या माणसाला साधारण चारपासून सुरू करतात, निदान पाच मिनिटं बघतात, अजून श्वास अडतोय असं दिसलं की एकाने वाढवतात. वरची हद्द वीस. हे आकडे पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये असतात. मला ते काही केल्या कळेना, तेव्हा याने (मेकॅनिकल इंजिनियर ना!) स्वयंपाकघरात प्रयोग करून दाखवला. उंच पेल्यात पाणी घेतलं, त्यात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर खोल धरली आणि म्हणाला, फुंक. बुडबुडा यायला जेवढा जोर लागला, तेवढा दहाचा दाब. म्हणजे किती कमी! आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला हजार सेंटिमीटरच्या थोडा वरच असतो. त्याच्या एक टक्का फुंकर, आणि तेवढ्यावर माणसाचा घसा रात्रभर उघडा राहतो.

ही कल्पना सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांची. १९८१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रोग्यांवरचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. त्याआधी फार वाईट रोग्यांसाठी खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडायचं. त्या मानाने नाकावर मास्क म्हणजे चैनच म्हणायची.

पण चैन वगैरे पहिल्या पंधरा दिवसांत संपली. स्टडीतून आकडा आला होता चौदा. चौदाच्या दाबावर श्वास आत घेणं सोपं, सोडणं कठीण. याचं म्हणणं, स्कूटरवर तोंड उघडं ठेवून बसल्यासारखं वाटतं. मास्कच्या कडेतून हवा निसटून डोळ्यांत जायची. सकाळी पोट हवेने टम्म. रात्री दोन वाजता हा झोपेतच मास्क ओढून काढायचा, आणि अडीचला माझी मोजणी सुरू. दाब वाढवला की जास्त सुरक्षित, असं ऐकायला बरं वाटतं. पण मास्क उशाशी पडला असेल तर चौदा काय आणि चाळीस काय.

मग विक्रेत्याचा माणूस घरी आला आणि म्हणाला, "ऑटो करून देतो सर, मशीन स्वतःच ठरवेल." खालची हद्द चार, वरची वीस. दोन मिनिटांत गेलासुद्धा. ऐकायला छान! प्रत्यक्षात काय झालं, की चारवर याला हवाच पुरेना, मास्क लावून गुदमरायला व्हायचं. झोप लागून घसा मिटायला लागला की मशीन बिचारं चारपासून चढायला लागायचं, आणि हव्या त्या आकड्याला पोचेपर्यंत दोन-चार श्वास अडकून झालेले. पहाटे कधी कधी दाब सोळाच्या वर जाऊन मास्क फुरफुरायचा आणि दोघंही जागे. तासाचा आकडा ४२ वरून ९ वर आला होता, पण ९ म्हणजे ९.

डॉक्टरांचा मेनू मशीनमध्ये लपवलेला असतो आणि तो उघडायची युक्ती सगळीकडे लिहिलेली सापडते. याचे हात शिवशिवत होते. पण मशीनचं कार्ड घेऊन आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो, आणि बरं झालं. त्यांनी पडद्यावर एकेक रात्र उलगडून दाखवली. पंच्याण्णव टक्के वेळ दाब ११.२ किंवा त्याच्या खालीच होता. मग चौदा कुठून आले? डॉक्टर म्हणाल्या, लॅबमध्ये उताणं झोपवून, स्वप्नांच्या झोपेतही श्वास अडू नये असा आकडा काढतात, म्हणजे सगळ्यात वाईट वेळेचा आकडा. घरी हे कुशीवर झोपतात, तेव्हा घसा कमी मिटतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. दाब तेराच्या वर गेला की याचे वेगळ्याच प्रकारचे श्वास थांबत होते. घसा उघडा, पण छातीही हलत नाही. मेंदूच श्वास घ्यायला सांगत नाही. काही जणांना दाब जास्त झाला की असं होतं. मशीन हवेचे बारीक ठोके देऊन ओळखतं की घसा बंद आहे की उघडा. म्हणजे दार बंद आहे, की दार उघडं पण घरात कुणीच नाही! पहिल्यावर उपाय दाब वाढवणं. दुसऱ्यावर वाढवला तर उलट बिघडू शकतं. आकडा बघून आपल्या आपण बटणं दाबत बसणाऱ्याला हा फरक कुठून कळणार?

डॉक्टरांनी खालची हद्द आठ केली, वरची तेरा. श्वास सोडताना दाब थोडा उतरावा अशी सोय चालू केली. आणि याला एक शिस्त घालून दिली: एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर निदान आठवडाभर काही बदलायचं नाही. मास्क नवा घेतला तर तो आठवडा दाबाला हात नाही. याने एक वही केली. तारीख, मास्क, कुशीवर की उताणा, रात्री लग्नाचं जेवण होतं का, सर्दी आहे का. निघताना डॉक्टर म्हणाल्या, "ज्या सगळ्यात कमी दाबावर वाट उघडी राहते, तो बरोबर दाब." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. दिवसभरात लेकीशी बोलतानाही ते वाक्य मध्येच आठवतं, पण तो वेगळा विषय. असो.

दिवाळीत आई, म्हणजे सासूबाई, सांगलीहून आल्या. रात्री पाण्याचा तांब्या घ्यायला आमच्या खोलीत डोकावल्या, तर लेक नाकाला सोंड लावून झोपलेला! मला वाटलं हसतील. त्या दारातच उभ्या राहिल्या. मी बाहेर आले, त्यांना हलक्या आवाजात सगळं सांगितलं. घसा, शांतता, मोजणी, आठ ते तेरा.

बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "यांचंही असंच व्हायचं. मध्येच थांबायचे. मी खांद्याला हात लावून कुशीवर करायची. जोर नाही लावायचा, जागे झाले तर चिडायचे. नुसता हात टेकवून हळूच. की सुरू व्हायचा श्वास. तीस वर्षं केलं मी ते." मग जरा थांबून, "त्या रात्री मी नव्हते. सुमनच्या बाळंतपणाला मिरजेला होते."

एकतीस वर्षांत हे वाक्य त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. लोक पुण्यवान म्हणत होते तेव्हाही नाही. बाबा कशाने गेले हे आज कुणीच सांगू शकणार नाही, डॉक्टरही नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलं. पण हेही सांगितलं की कुशीवर करणं हा आजही डॉक्टर सांगतात तो उपाय आहे, आणि कुठलीही मशीन घरात नसताना त्यांनी तो स्वतः शोधून तीस वर्षं राबवला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "पाणी देतेस ना?"

आता आठ ते तेरावर पाच महिने झाले. आकडा तीनच्या आसपास असतो. हा दुपारच्या मीटिंगमध्ये पेंगत नाही, सांगलीपर्यंत गाडी चालवताना सातारच्या पुढे मी चिमटे काढायचे ते बंद झालेत. सगळ्यात गंमत म्हणजे याला स्वप्नं पडायला लागलीत. परवा म्हणे कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर चकली पाडत होता.

माझी मोजणी मात्र लगेच सुटली नाही. रात्री तीनला जाग येते, आणि कान आपोआप टवकारतात. मशीनचा बारीक सुस्कारा ऐकू येतो, आत-बाहेर, आत-बाहेर. हल्ली मी दहाच्या पुढे पोचत नाही, मध्येच झोप लागते.

आणि सकाळी साडेसातला सांगलीहून फोन येतो. तब्येत, पाणी, कामवाली, काही नाही. पहिला प्रश्न, "आज किती?"

"दोन पॉइंट आठ, आई."

"कमीच चांगला ना गं?"

"हो, कमीच चांगला."

"बरं," म्हणतात, आणि फोन ठेवतात.