सोणाची वीणा आणि आमच्या वसतिगृहातील गिटार

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षिकेने विजासन लेण्यांविषयी लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयावर यापूर्वी लिहून झाले आहे. या वेळी मी दोन हजार दोनशे रुपयांच्या एका गिटारविषयी लिहिणार आहे. अठ्ठावीस वर्षांच्या अध्यापनात जे माझ्या ध्यानात यावयास हवे होते आणि आले नाही, ते त्या गिटारने मला दाखविले.

गडचिरोली जिल्ह्यातील एका जंगलपट्टीतील गावाहून आलेली एक मुलगी नववीत होती. सायंवंदनेच्या वेळी तिचा आवाज इतरांहून वेगळा ओळखू येई. चंद्रपूरच्या एका कार्यक्रमात तिने गिटार प्रथम पाहिली आणि त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना. एके रात्री वसतिगृहाची फेरी घेताना मला तिच्या गादीखाली एक लांबट पुठ्ठा दिसला. त्यावर तिने पट्टीने सहा उभ्या रेघा ओढल्या होत्या, आडव्या रेघा मारल्या होत्या आणि त्यावर बोटे ठेवण्याचा सराव ती करीत होती. ते पाहून मी त्या महिन्याच्या पगारातून गिटार घेण्याचे ठरविले.

शहरातील एका दुकानात मी गेले. विचारलेले प्रश्न आज आठवले की संकोच वाटतो. किंमत किती? रंग कोणता? पिशवी सोबत मिळेल का? दुकानदाराने चकचकीत निळी गिटार पुढे केली. सोबत पिशवी, पट्टा आणि दोन पिक. मी समाधानाने भद्रावतीस परतले. पुस्तक घेताना प्रकाशक, आवृत्ती, कागद पाहणारी मी, वाद्य घेताना मात्र शोभेची वस्तू घ्यावी तसे घेऊन आले होते.

तीन आठवड्यांनी गिटार पिशवीत बंद झाली. मुलीच्या डाव्या हाताच्या बोटांची टोके सुजली होती, एका बोटातून रक्तही आले होते. ती म्हणाली, “माझ्यानं नाही होत जी, मॅडम. माझी बोटंच तशी नाहीत.” मी तिच्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाले, “असू दे बाळ, प्रत्येकाला सगळेच जमते असे नाही.” हे वाक्य मी सहानुभूतीने उच्चारले होते, म्हणूनच ते आज मला अधिक बोचते.

दिवाळीनंतर आमचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो नागपुरात नोकरी करतो आणि फावल्या वेळात गिटार वाजवितो. त्याने पिशवी उघडली, गिटार डोळ्यांशी धरून दांडीच्या रेषेत पाहिले आणि माझ्या टेबलावरील पट्टी मागितली. सतारीला जसे पडदे असतात, तशा गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटपाशी त्याने तारेची उंची मोजली. पोलादी तारांच्या गिटारवर ती साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावी. तेथे ती पाच मिलिमीटर होती. दांडी तारांच्या ताणाने पुढे वाकली होती आणि ती सरळ करण्यासाठी आत जो लोखंडी दांडा असावा लागतो, तो त्या गिटारमध्ये नव्हताच. गिटार माझ्या टेबलावर ठेवीत तो म्हणाला, “मॅडम, ही मलाही वाजविता येणार नाही. पोरीचा यात काय दोष?”

त्या रात्री मला झोप आली नाही. मी स्वतः आठवीत असताना एका शिक्षकांनी भर वर्गात म्हटले होते की, या वस्तीतील मुलींच्या जिभेला इंग्रजी वळणार नाही. माझ्या घरी तेव्हा वीज नव्हती, शब्दकोश नव्हता, इंग्रजी उच्चारणारे एकही माणूस नव्हते. माप माझ्या जिभेचे घेतले गेले. माझ्यापुढे जे साधन ठेवले होते, त्याचे माप कोणी घेतले नाही. शिकविणारी झाल्यावर तीच चूक मी गोड शब्दांत केली होती.

अंगुत्तर निकायातील सोण भिक्खूची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. राजगृहाच्या सीतवनात चंक्रमण करता करता सोणाचे तळवे रक्ताळले, तरीही फळ दिसेना. तेव्हा घरी परतावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला आळशी म्हटले नाही, अपात्र म्हटले नाही. गृहस्थाश्रमात तो वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्या वीणेविषयी विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय, फार सैल सोडल्या तर वाजते काय? ही कथा मी वर्गात कितीतरी वेळा मध्यम मार्गाचे उदाहरण म्हणून सांगितली आहे. रक्ताळलेली बोटे समोर आल्यावर मात्र मला तारेविषयी प्रश्न विचारण्याचे सुचले नाही.

त्या माजी विद्यार्थ्याने आपल्या तुकडीतील मित्रांकडून साडेसात हजार रुपये जमविले आणि दुसरी गिटार घेण्यास आम्ही तिघे मिळून नागपूरला गेलो. त्या दिवशी जे शिकले, ते पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे नोंदविते. दोन-अडीच हजारांच्या गिटारवर विसंबू नये. सहा ते नऊ हजारांत शिकाऊ मुलासाठी चांगली गिटार मिळते. दांडी सरळ आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवावे. ते खरचटता कामा नये. बाराव्या फ्रेटपाशी पट्टीने उंची मोजावी. मोकळी तार छेडावी आणि मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून छेडावी; बरोबर वरच्या सप्तकातील तोच स्वर आला पाहिजे. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून पाहावी. कोठे झणझण होत असेल, तर ती गिटार घेऊ नये. तारा पातळ, म्हणजे लाइट गेजच्या, लावून मागाव्यात. लहान मुलांस नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांना मऊ पडते, मात्र तिची दांडी रुंद असते आणि तिच्यावर पोलादी तारा चढविल्यास ब्रिज उखडतो. स्वर जुळविण्यासाठी मोबाईलवर विनामूल्य ट्यूनर मिळतो.

तारा थोड्याच उंच असतील, तर ब्रिजवरील पांढरी पट्टी, जिला सॅडल म्हणतात, ती खालून घासून घेता येते. जाणता कारागीर हे काम अल्प खर्चात करतो. मिरजेचे कारागीर तंबोरा तयार झाल्यावरही घोडीची जवारी काढीत बसतात. सर्व भाग जोडून झाले म्हणजे वाद्य सिद्ध झाले, असे तेही मानीत नाहीत. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या छताखाली किंवा बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचा सरस सैल होतो. सुटीत घरी जाताना ती घरातील थंड खोलीत, तारा किंचित सैल करून ठेवावी.

नवी गिटार आल्यावर एका ज्येष्ठ हितचिंतकांनी प्रश्न केला, “आपल्या जलशातील तुणतुणे, ढोलकी, पेटी सोडून हे कशाला?” प्रश्न प्रामाणिक होता. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांच्या गायनापर्यंतची परंपरा आमच्या मुलांना ठाऊक असलीच पाहिजे, आणि ती आम्ही शिकवितो. परंतु पेटीदेखील युरोपातूनच आली आणि आमच्या गायकांनी ती आपली केली. परमपूज्य बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात, राज्यकारभाराच्या आणि ग्रंथलेखनाच्या व्यापातून वेळ काढून, व्हायोलिनचे धडे घेतले. कोणते वाद्य कोणाच्या हाती शोभते, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी इतरांना दिला नव्हता. माझे म्हणणे ऐकून ते काका काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात मात्र वसतिगृहासाठी तारांचे दोन संच घेऊन आले.

आज ती मुलगी अकरावीत आहे. १४ एप्रिलच्या सायंकाळी तिने गिटारवर तीन स्वरमेळांची साथ धरून गाणे म्हटले. मध्येच ती चुकली, थांबली आणि पुन्हा सुरू झाली. एकाच बोटाने सर्व तारा दाबावयाचा एफ हा स्वरमेळ तिला अद्याप साधत नाही. धाकट्या मुली शिकावयास तिच्याजवळ बसतात. त्यांतील एकीने बोट दुखते म्हणून हात आखडता घेतला, तेव्हा ती उठून माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, पट्टी देता का जी? पहिले तार मोजून पाहतो.”

सोणाच्या कथेचा उत्तरार्ध विनयपिटकाच्या महावग्गात आहे आणि तो कमी सांगितला जातो. त्याचे जखमी पाय पाहून तथागतांनी त्याला एका तळाची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी स्वीकारली नाही. सर्व संघाला अनुज्ञा मिळत असेल तरच मी वापरीन, असे तो म्हणाला. आणि तथागतांनी ती सर्व भिक्खूंना दिली.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपण शाळेस वस्तू भेट देता. घरातील जुने वाद्य, जुना संगणक, जुना मायक्रोस्कोप मोठ्या मनाने आणून देता. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विनंती एवढीच की, देण्यापूर्वी ते आपल्या स्वतःच्या हाताने एकदा चालवून पाहावे. वसतिगृहात सध्या एकच गिटार आहे आणि तिच्यासाठी नावे लिहिलेली वही भरत आली आहे. ती निळी गिटार मी कोणास देऊ दिली नाही. ती माझ्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेली आहे. एखाद्या मुलाविषयी “याला जमणार नाही” असे शब्द ओठांवर आले, की मी तिच्याकडे पाहते आणि मग टेबलावरची पट्टी शोधते.