साडीमागे 40 रुपये

सांगतो, पण हसू नका. गेल्या महिन्यात मी 31 साड्यांना फॉल लावले. मी! शर्टाचं बटण तुटलं तर शर्टच बदलणारा, एसटीच्या हिशेब खात्यातून नुकताच निवृत्त झालेला, चष्म्याशिवाय सुईचं भोक कुठल्या टोकाला आहे हेही न दिसणारा माणूस.

झालं असं, की हिच्या दोन साड्या आणायला मी नाक्यावरच्या फॉल-पिकोच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा, एक मशीन आणि छतापर्यंत पिशव्याच पिशव्या. बाई म्हणाल्या, "काका, चार दिवसांनी या. मशीनचं झालंय, हेम राहिलीय. हेम करणाऱ्या ताई गावाला गेल्यात." मी सहज विचारलं, हेमचे किती देता? "साडीमागे 40." आणि काय डोक्यात शिरलं देव जाणे, मी म्हणालो, "मग या दोन मीच करून आणतो, आणि जमलं तर आणखी द्या." बाई इतक्या हसल्या की खालची शिवण वाकडी गेली. मग म्हणाल्या, "आधी काकूंना दाखवून आणा."

काकूंनी, म्हणजे हिने, मला जुन्या सुती साडीवर बसवलं. आणि तिथे जे उघडलं ना माझ्यापुढे! 34 वर्षं संसार केला, पण फॉल ही काय चीज आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, असेल काहीतरी अस्तर. अहो, ती पाच-एक बोटं रुंद आणि पावणेतीन मीटरच्या आसपास लांब सुती पट्टी आहे, आणि ती साडीला आतून बरोबर निऱ्या येतात तिथेच लावायची असते. तिच्या वजनाने निऱ्या सरळ खाली पडतात. जोडवी आणि चपलेची टाच साडीच्या काठात अडकायची ती फॉलमध्ये अडकते. फॉल झिजतो, काठ वाचतो. झिजला की उसवायचा, नवा लावायचा. किती साधं आणि किती हुशारीचं!

शिवाय फॉल आणला आणि लावला असं करायचंच नाही. आधी पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची. नाहीतर पहिल्याच धुण्यात फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि सगळ्या काठाला चुण्या. खालची कडा मशीनवर, वरची हाताने. ही वरची म्हणजेच हेम. सुईने साडीचा एकच धागा उचलायचा, दोन नाही, एक. मग सुई फॉलच्या दुमडीतून आत न्यायची आणि बोटभर पुढे काढायची. दोरा ओढायचा नाही, नुसता बसवायचा. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे काम चांगलं झालं तर दिसतच नाही! साडी उलटी केली तरच टाका कळतो. मी 33 वर्षं हिशेब तपासले, तिथेही तेच होतं म्हणा. बरोबर असला की कुणी बघत नसे.

पहिल्या साडीला अडीच तास लागले. मुलाने मोबाइलवर हिशेब करून दाखवला: "बाबा, तासाला 16 रुपये." हिशेब बरोबर होता. पण त्या 40 रुपयांत मला जे वाटलं ते पहिल्या पगारालाही वाटलं नव्हतं. पगार सगळ्या महिन्याचा एकगठ्ठा यायचा, त्यातला कुठला रुपया कशाचा हे कोण सांगणार? इथे मला ठाऊक होतं, हा जांभळ्या काठाचा, हा शेवटच्या वीतभर उसवून पुन्हा घातलेल्या टाक्यांचा. आता तासाच्या आत साडी होते. क्रिकेट लावून बसतो. म्हणजे ऐकतो.

दोरा मात्र साडीला जुळणारा हवा, म्हणून मॅचिंग सेंटरच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि तिथे मला रंग भेटले! माझ्याकडे आजवर निळा होता, हिरवा होता, लाल होता. काउंटरवरच्या बायका म्हणतात मोरपंखी, चिंतामणी, रामा, आमसुली, गुलबक्षी, अबोली, कोनफळी. परवा मी रस्त्यात उभा राहून एका रिक्षाच्या टपाकडे बघत होतो, की हा डाळिंबी की राणी.

आणि पैठणी! येवल्याची, कुणाच्या तरी लग्नाची. आमच्या बाई अशा रेशमाला मशीन लावत नाहीत, दोन्ही कडा हाताने, त्याचे 100. पिशवी घरी आणताना मी रस्त्याच्या कडेकडेने चाललो. पदर उलटा करून पाहिला तर मोर तसाच्या तसा, सुलट कुठली आणि उलट कुठली कळेना. हिला तीनदा विचारलं. चहा दुसऱ्या खोलीत प्यायलो. नऊवारी मात्र आमच्याकडे येत नाही, काष्ट्याला निऱ्यांचा फॉल कशाला?

आता संक्रांत तोंडावर आहे, म्हणजे काळ्या साड्या. काळ्यावर काळा दोरा, तो रात्री दिसत नाही, म्हणून सकाळी गॅलरीत उन्हाला बसतो. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खालून हाक मारून विचारलं, मिसेसच्या दोन आहेत, घ्याल का?

महिनाअखेरीला हिशेब मांडला. 30 साड्या 40 प्रमाणे 1200, पैठणीचे 100, एकूण 1300. वही हिच्यापुढे ठेवली. हिने आधी शेवटची साडी उलटी करून टाके पाहिले, एका ठिकाणी बोट ठेवून "इथे दोन धागे उचललेत" म्हणाली, आणि मग सांगितलं, की स्वतःच्या, नणंदांच्या, जावांच्या, शेजारणींच्या मिळून किती साड्यांना फॉल लावले याची मोजदादच नाही, आणि एकीनेही एक पै दिली नाही. त्यामुळे शिकवणी साडीमागे 10 रुपये, मागच्या तारखेपासून. 310 वजा गेले. उरले 990, आणि सुया माझ्या मी आणायच्या.