सूर सांभाळणारा चिमुकला हौद

बालदोस्तांनो, छत्रपती संभाजीनगरला आलात की वेरूळची लेणी आणि बिबी का मकबरा तर तुम्ही पाहताच. मी मात्र आज तुम्हांला पैठण गेटातून आत, गुलमंडीकडे नेणार आहे. तिथल्या एका बोळकांडीएवढ्या दुकानात रेडिओचे सुटे भाग मिळतात.

झालं असं, की आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी बटणांचा बाजा बनवला होता. आत ५५५ नावाची चिप. ही १९७२ साली बाजारात आली आणि आजही स्वस्तात मिळते. सकाळी त्याने पेटीबरोबर 'सा' जुळवला. दुपारी पत्र्याच्या वर्गात पाहतो तो काय, 'सा' चढून 'रे'कडे निघालेला! पोरगा रडवेला झाला. प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं!

चूक कुठे होती? ते कळायला आधी पाणचक्कीवर जाऊ या. खाम नदीकाठची ही जुनी चक्की. दूरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं आणि उंच भिंतीवरून हौदात पडतं. या पाण्याच्या जोरावर पूर्वी इथे पीठ दळत. कपॅसिटर म्हणजे असाच चिमुकला हौद, पण विजेचा. तो भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. सेकंदाला ४४० वेळा असं झालं, की ४४० कंपनांचा सूर निघतो. हौद निम्मा केला तर तो दुप्पट वेळा भरतो आणि सूर एक सप्तक वर जातो! बाज्यातल्या स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरमध्ये उकाड्याने वीज कमी मावू लागली. हौद लहान झाला, म्हणून सूर चढला.

दुकानातल्या काकांनी जुन्या डब्यातून दोन कपॅसिटर काढले. पारदर्शक, आत चंदेरी गुंडाळी. म्हणाले, "हे पॉलिस्टायरीनचे. आता फारसे बनत नाहीत. उन्हाळ्यातही सूर सांभाळतील. पण ताई, डाग देताना जपा हं!"

गंमत पाहा. हवेच्या उकाड्याला न डगमगणारा हा गडी १०० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि सोल्डरिंगची सळई तर ३०० अंशांच्याही वर तापते! मी ऐटीत म्हटलं, "आण इकडे, मी दाखवते." सळई जरा जास्त वेळ टेकली. कपॅसिटर मेणासारखा वाकडा झाला. दोनातला एक गेला!

मुलगा काहीच बोलला नाही. मीच म्हटलं, "चूक माझी. आता दुसरा तू लाव."

"बाई, पण हाही गेला तर?"

"घाई करू नकोस, म्हणजे जाणार नाही."

त्याने कपॅसिटरचे पाय लांबच ठेवले. डाग द्यायची जागा आणि कपॅसिटर यांच्यामध्ये पाय चपट्या पकडीत धरला. उष्णता पकडीने शोषून घेतली. दोन सेकंद सळई टेकवली, लगेच उचलली. तो पाय गार झाल्यावरच दुसऱ्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, त्याच पत्र्याच्या वर्गात आम्ही बाजा लावला. 'सा' जागचा हलला नव्हता! पोराचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू!

तो वाकडा कपॅसिटर मी टेबलाच्या खणात जपून ठेवलाय. तुम्ही असा बाजा केलात तर घरातल्या मोठ्यांना जवळ बसवा, तो बॅटरीवरच चालवा, आणि काम झाल्यावर हात धुवायला विसरू नका. मग, कधी करताय सुरुवात?