गुलाबी टोपी आणि परिचारिकेचा हात

धर्मादाय कामासाठी चार पैसे जमवावयाचे तर आधी माणसे जमवावी लागतात, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. आमच्या लहानपणी मुंबईत कुठल्याशा इमारत फंडासाठी नाटकाचा प्रयोग लावीत. तरुण मंडळी तिकिटांची पुस्तके घेऊन चाळींचे जिने चढत-उतरत, आणि ज्यांना नाटकाला जावयाचे नसे तेही एक तिकीट घेऊन ठेवीत. बहरीनमध्ये ती नाटकाची जागा आता खेळाने घेतली आहे. ऑक्टोबर हा जगभर स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. तो आला की येथे कोणी गोल्फ खेळते, कोणी समुद्राच्या कडेने चालण्याची स्पर्धा ठेवते, आणि आमची भारतीय मंडळी साहजिकच क्रिकेटची बॅट हाती घेतात.

या खेळाच्या दिवसाविषयी थोडे लिहावे असे आम्हा दोघी-तिघी निवृत्त परिचारिकांच्या मनात बरेच दिवस होते. आमचे शाळेचे व नर्सिंगचे शिक्षण मुंबईत झाले आणि नोकरीचा बहुतेक काळ या बेटावर गेला. कॅप उतरली तरी डोळा जात नाही. खेळ पाहावयास बसलो तरी कोण कसे चालते, कोणाचा हात सुजला आहे, तेच आधी दिसते.

येथील साप्ताहिक सुट्टी २००६ सालापासून शुक्रवार-शनिवारी असते. ऑक्टोबरातही दिवसा ऊन चटके देते, म्हणून शुक्रवारी पहाटेच खांब रोवून सामने सुरू करतात. टेनिसचा चेंडू, सहा-सहा षटके, बायकांचा एक संघ, मुलांची लगोरी, मांडवाखाली कॅरम, आणि शेवटी सर्वांची हाऊजी. पुरुषमंडळी गुलाबी टोप्या घालून एकमेकांची थट्टा करीत असतात. त्यांना आम्ही हळूच सांगतो की हा रोग पुरुषांनाही होतो. साधारण शंभर रोग्यांत एक पुरुष असतो. मग थट्टा जरा कमी होते.

पैशाचा व्यवहार मात्र येथे काटेकोर आहे. निधी गोळा करण्याविषयी २०१३ सालचा कायदा असल्यामुळे परवानगीशिवाय डबा फिरविता येत नाही. म्हणून मंडळांनी नोंदलेल्या संस्थेशी आधी बोलून, तिच्यामार्फतच रक्कम द्यावी हे उत्तम. स्तनाच्या कर्करोगासाठीच काम करणारी, ‘थिंक पिंक’ या नावाने ओळखली जाणारी संस्था येथे आहे. बहरीन कॅन्सर सोसायटीही आहे. म्हणजे मैदान आहे, माणसे आहेत, देण्याची इच्छा आहे आणि पैसा पोचविण्याची वाटही आहे. तरीही आमच्या मते एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते.

एका वर्षी अशाच एका खेळाच्या दिवशी आम्ही तपासणीची माहिती देण्यासाठी एक टेबल मागितले. टेबलावर रबराचा नमुना ठेवावयाचा, त्यात गाठी असतात. त्या बोटांनी चाचपून गाठ हाताला कशी लागते ते बायकांना कळते. चालकांपैकी काहींना हे रुचले नाही. “सणासारखा दिवस आहे, सिस्टर. आज रोगाचे बोलणे कशाला? एक फलक लावू या.” असे त्यांचे म्हणणे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या रोगाच्या नावाने तिकीट विकले त्याचेच नाव मैदानावर काढावयाचे नाही, हे आम्हाला पटेना. शेवटी आम्ही जागा मागितली ती पाण्याच्या पिंपापाशी. या मुलखात पाणी प्यावयास प्रत्येकाला यावेच लागते. शेजारी दोन चादरी बांधून आडोसा केला.

दुपारपर्यंत पुष्कळ बायका आल्या. हसत आल्या, नमुना चाचपून थोड्या गंभीर होऊन गेल्या. खेळाडूंची मुले सांभाळावयास आणलेली एक आंध्राकडील बाई मात्र तीनदा पाणी प्यावयास आली. चौथ्यांदा आली तेव्हा ग्लास हातात तसाच धरून मोडक्या हिंदीत म्हणाली, “सिस्टर, दुखत नसेल तर काही नसते ना?”

आम्ही तिला आडोशाला नेले. डाव्या बाजूला, काखेच्या दिशेने, गोटीएवढी गाठ होती. आठ महिने तिने ती कोणाला सांगितली नव्हती. कारण विचारले तर म्हणाली, “आजारी म्हटले की घरी पाठवतील.” तिचा व्हिसा नोकरीला बांधलेला, गावी दोन मुले शाळेत, आणि डोक्यावर कर्ज. गाठीपेक्षा विमानाच्या तिकिटाची भीती तिला मोठी होती.

तिची मालकीण त्या वेळी मैदानावर क्षेत्ररक्षण करीत होती. बाईची संमती घेऊनच आम्ही वहिनींना बाजूला बोलाविले. वहिनींनी टोपी काढली, दोन क्षण गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “रविवारी मीच घेऊन जाते हिला.” त्याप्रमाणे त्या गेल्या. सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला. गाठ साधी निघाली. बाई आपल्या कामावर राहिली.

शेवट गोड झाला, परंतु तो तसाच व्हावयाचा असे कोणी समजू नये. बहुतेक गाठी साध्याच असतात हे खरे; पण साधी कोणती व घातक कोणती हे अंगावरून हात फिरवून ठरत नाही, त्याला तपासणीच लागते. आमच्या वॉर्डातील दिवसांत गाठ फुटून जखम झाल्यावर आलेल्या बायकाही आम्ही पाहिल्या आहेत. पदराखाली कापसाचा बोळा ठेवून त्या महिनोन् महिने स्वयंपाक करीत होत्या. जवळजवळ सर्वांचे म्हणणे एकच असे, “दुखत नव्हते हो.” वाचक भगिनींनो, हे एक वाक्य आपल्या घरातून कायमचे काढून टाका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. न दुखणारी कठीण गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त किंवा काखेतील गाठ, यांपैकी काहीही दिसले तर आठवडाही न दवडता डॉक्टरांकडे जावे.

आता मैदानावर जमलेल्या पैशाचे काय करावे हा प्रश्न. क्रिकेटच्याच जगात याचे एक सुरेख उत्तर मिळाले आहे. ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध गोलंदाज ग्लेन मॅकग्रा याची पत्नी जेन हिला १९९७ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, स्तनाचा कर्करोग झाला. आजारपणात स्तनविकारांची खास शिकलेली एक परिचारिका तिच्या मदतीस होती. असा आधार प्रत्येक रोग्याला मिळावा, या इच्छेतून पतिपत्नींनी २००५ साली मॅकग्रा फाउंडेशन काढले. जेन २००८ च्या जूनमध्ये, ४२ व्या वर्षी वारली. पुढच्याच जानेवारीत, २००९ साली, सिडनीच्या कसोटी सामन्याचा तिसरा दिवस तिच्या नावाने पाळण्यात आला आणि तेव्हापासून ती प्रथाच पडली. त्या दिवशी सारे प्रेक्षागृह गुलाबी होते. २०२५ च्या जानेवारीत भारत व ऑस्ट्रेलिया यांचा सामना जेनच्या दिवशीच, म्हणजे तिसऱ्याच दिवशी संपला. आपली हार पाहणाऱ्या भारतीयांच्या डोक्यांवरही गुलाबी टोप्या होत्या.

आम्हाला यातील टोपीपेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. हा पैसा मुख्यतः परिचारिकांच्या नेमणुकीसाठी जातो. आज अशा दोनशेंहून अधिक परिचारिका त्या विस्तीर्ण देशात, लहान गावांतूनसुद्धा काम करतात. रोग्याला त्यांच्याकडे जावयास पैसे पडत नाहीत व डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतही असाच एक गुलाबी सामना होतो. १८ जानेवारी २०१५ रोजी जोहान्सबर्गला एबी डिव्हिलियर्सने वेस्ट इंडिजविरुद्ध अवघ्या ३१ चेंडूंत शतक काढून विक्रम केला तो याच दिवशी. तेथील पैसा शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या स्तनविकार विभागाला जातो. शतक सर्वांच्या लक्षात राहिले. विभाग ज्यांच्या उपयोगी पडला त्यांच्या मात्र तोच लक्षात राहिला असेल.

परिचारिका असे काय करते, असे कोणी विचारील. डॉक्टर रोगाचे नाव सांगून पुढच्या खोलीत जातात. त्यांना जावेच लागते. त्यानंतरची दहा मिनिटे कोणाची? कागदावर काय लिहिले आहे ते घरच्या भाषेत सांगणे, ऑपरेशननंतर नळी कशी सांभाळावी ते दाखविणे, भिंतीवर बोटे चढवीत हात हळूहळू वर नेण्याचा व्यायाम करून घेणे, काखेतील ग्रंथी काढल्या असतील तर हात सुजू नये म्हणून काय जपावे ते सांगणे, केस गळण्याआधीच ते गळणार हे सांगून ठेवणे, आणि नवऱ्याला बाहेर बोलावून “आता तिच्याशी बोला, गप्प बसू नका” असे बजावणे. ही कामे कोणत्याही यंत्राला येत नाहीत. यंत्र हवेच, त्याविषयी वाद नाही. परंतु यंत्रापर्यंत बाईला आणावयास आणि यंत्रानंतर तिच्या सोबतीस माणूस लागते.

शिकलेल्या हाताची किंमत किती, याचा पुरावा तर आपल्या मुंबईनेच दिला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका त्यात होत्या. त्यांतील निम्म्या गटाची स्तनतपासणी दर दोन वर्षांनी केवळ हाताने करण्यात आली. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या आणि खास शिकविलेल्या आरोग्यसेविका. वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात रोग तुलनेने लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीच्या पुढील बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील बायकांत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. मॅमोग्राफीचे यंत्र नसतानाही, नीट शिकविलेली साधी बाई दुसऱ्या बाईचे प्राण वाचविण्यास मदत करू शकते, एवढे यातून सिद्ध झाले. ते अभ्यासाचे प्रबंध आम्ही वाचले तेव्हा आमच्या पेशाचा आम्हाला पुन्हा एकदा अभिमान वाटला.

या बेटावर तीन लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांत मोठ्या हुद्द्यावरचे आहेत, तसे घरकाम, शिवणकाम, झाडलोट करून गावी पैसे पाठविणाऱ्याही आहेत. परदेशी माणसाचा मोठा उपचार हा त्याचा विमा, त्याचा मालक आणि त्याची पुंजी यांवर बराचसा अवलंबून असतो. जिच्यापाशी यांपैकी काही नाही, ती गाठ लपविते. खेळाच्या दिवशी तिकीट काढणाऱ्या बहुतेक बायका कधी ना कधी तपासणी करून घेतीलच. त्यांना वाहन आहे, भाषा येते, रजा मिळते. जिला यांतील एकही गोष्ट नाही, ती त्या दिवशी मैदानावरच असते. ती मुले सांभाळीत असते, नाहीतर मांडवामागे पेले विसळीत असते.

म्हणून आमची सर्व मंडळांना, बहरीनमधील असोत, मुंबई-ठाण्यातील असोत की आणखी कुठली, एवढीच विनंती आहे. खेळ जरूर ठेवा, टोप्याही घाला. जमलेल्या रकमेतून एखाद्या परिचारिकेच्या वेळेचा काही भाग विकत घेता येईल का, हे ज्या संस्थेला पैसे देता तिला विचारा. तपासणीच्या माहितीचे टेबल कोपऱ्यात न टाकता पाण्यापाशी मांडा, आडोसा करा, आणि तेथे बोलावयास रोग्यांची भाषा येणारी बाई बसवा. आपल्या घरी काम करणारीला त्या दिवशी एक तास मोकळा द्या आणि टेबलापर्यंत स्वतः घेऊन जा. तपासणीसाठी रजा घेतली म्हणून नोकरी जाणार नाही, हे तिला आपल्या तोंडाने सांगा. ते तिला दुसऱ्या कोणाच्या तोंडून खरे वाटणार नाही.

आणि वाचक भगिनींनो, आपणही चाळिशी ओलांडली असेल तर तपासणी कधी व कोणती करावी हे आपल्या डॉक्टरांना विचारा. आई, बहीण किंवा मावशीला हा रोग झालेला असेल तर चाळिशीचीही वाट पाहू नका. घरातील सर्वांची जेवणे झाल्यावर आपण जेवावयाचे, ही आपली जुनी सवय आहे. निदान या एका बाबतीत तरी पहिल्या पंगतीला बसावे.